वाळवंटातल्या कालव्याकाठून: जिल्ह्यातल्या पाणीपुरवठा संस्थांना खुलं पत्र

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातील सहकारी पाणीपुरवठा संस्थांचे चेअरमन, संचालक आणि सर्व सभासद

मंडळी, सप्रेम नमस्कार.

वार्षिक सभांचे दिवस जवळ आलेत. अहवाल छापायला गेले असतील. वीजबिल, मोटार रिवाइंडिंग, पाईपलाईनची गळती, थकबाकी, एकरी आकारणीचा नवा दर हे विषय त्यात असणारच, आणि शेवटी ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांचा विचार करणे’ ही ओळही असेल. मला एक विषय मांडायचा आहे, पण तो आयत्या वेळच्या विषयांत नको. तोवर निम्मी सभा चहाला उठलेली असते. म्हणून हे पत्र आधीच लिहितोय. विषय निचऱ्याचा आहे, म्हणजे शेतातलं जादा पाणी बाहेर काढायचा.

मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. निवृत्त झालो, आता कोल्हापुरात राहतो, पण शेती शिरोळ तालुक्यात आहे आणि तिथल्या एका पाणीपुरवठा संस्थेचा मी सभासद आहे. मुलगा फौजेत आहे. गेल्या खेपेला त्याचं पोस्टिंग राजस्थानात सुरतगढला होतं, तेव्हा थंडीत महिनाभर त्याच्याकडे राहिलो. इतरांचे आईवडील जैसलमेरचा किल्ला बघायला जातात. मी रोज सकाळी कालव्यावर जायचो. चाळीस वर्षांची सवय आहे, पाणी कुठून येतं आणि कुठं जातं हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. तिथं जे बघितलं त्यातलं बरंचसं मला आपल्याच शिवारातलं वाटलं.

इंदिरा गांधी कालव्याचं नाव शाळेत सगळ्यांनी वाचलंय. पूर्वी तो राजस्थान कालवा होता, इंदिराजींच्या हत्येनंतर नाव बदललं. आकडा ऐकून माहीत असणं वेगळं आणि काठावर उभं राहणं वेगळं. पंजाबात सतलज आणि बियास जिथं एकत्र येतात तिथं हरिके बंधारा आहे. तिथून २०४ किलोमीटर नुसता फीडर येतो, म्हणजे वाटेत कुणाच्याही शेताला पाणी न देता केवळ वाहून आणणारा कालवा. राजस्थानात हनुमानगढजवळ मसीतावालीला तो संपतो आणि पुढे ४४५ किलोमीटरचा मुख्य कालवा सुरू होतो. एकूण ६४९ किलोमीटर. फीडरच्या तोंडाशी वाहण्याची क्षमता १८,५०० क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. आपल्या पंचगंगेला पूर आला की आपण विसर्गाचे आकडे मोबाईलवर बघत बसतो. तिथं एवढं पाणी माणसानं खणलेल्या पात्रातून वाळूच्या टेकड्यांमधून नेलंय. तळाला आणि काठाला विटांच्या फरशांचं अस्तर आहे. मी त्या फरशीवर हात ठेवून बसलो होतो. पलीकडे गहू आणि मोहरी उभी होती, आणि मोहरीच्या मागे लगेच वाळू.

या कल्पनेमागचा माणूस म्हणजे बिकानेर संस्थानचे अभियंते कंवर सेन. त्यांनी १९४८ साली ही योजना मांडली. ३१ मार्च १९५८ रोजी गोविंद वल्लभ पंतांच्या हस्ते पायाभरणी झाली. ११ ऑक्टोबर १९६१ ला नौरंगदेसर वितरिकेतून, म्हणजे कालव्याच्या फाट्यातून, पहिलं पाणी शेतात गेलं आणि १ जानेवारी १९८७ ला ते जैसलमेर जिल्ह्यात मोहनगढला, कालव्याच्या शेपटाला पोचलं. पायाभरणीपासून शेपटापर्यंत २९ वर्षं. ज्यांनी गाढवांवर आणि उंटांवर माती वाहिली त्यांतल्या कितीतरी जणांनी ते पाणी बघितलं नसेल.

त्याआधीची एक गोष्ट आपल्या जिल्ह्याला जवळची आहे. बिकानेरचे महाराजा गंगासिंह लहान वयात गादीवर होते तेव्हाच छप्पनचा दुष्काळ पडला. विक्रम संवत १९५६, म्हणजे आपलं १८९९-१९००. माणसं आणि गुरं रस्त्यावर मेली. ते बघितलेल्या राजानं सतलजचं पाणी आणायचा ध्यास घेतला आणि १९२७ साली गंग कालवा पुरा केला. आपल्या शाहू महाराजांनीही गादीवर आल्याबरोबर दुष्काळ आणि प्लेग बघितला, आणि १९०८ च्या सुमारास भोगावतीवर राधानगरीचं धरण हाती घेतलं. महाराज १९२२ साली गेले. धरण त्यांच्या डोळ्यांदेखत पुरं झालं नाही, स्वातंत्र्यानंतर झालं. एक राजा वाळवंटातला, दुसरा सह्याद्रीतला, पण दोघांनी दुष्काळ डोळ्यांनी बघितला होता आणि दोघांना उत्तर एकच सुचलं, पाणी अडवायचं आणि माणसांपर्यंत न्यायचं. आपल्या संस्थांचा जन्म त्याच उत्तरातून झालाय. नदीत राधानगरीचं पाणी, नदीवर बंधारे, बंधाऱ्याच्या फुगवट्यावर जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, आणि तिथून डोंगरउतारापर्यंत पाईप. बरगे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या, घालून पाणी अडवायच्या पद्धतीला सगळा महाराष्ट्र ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणतो, याचा मला नोकरीत कुठंही बदली झाली तरी अभिमान वाटायचा. आजही वाटतो.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते.

मुलाच्या युनिटमधल्या एका जवानाचे काका सुरतगढपासून थोड्या अंतरावर शेती करतात. पंजाबी शीख कुटुंब, कालवा आल्यावर तिथं वसलेलं. त्यांनी मला आग्रहानं घरी नेलं. जुन्या घराच्या भिंती छातीइतक्या उंचीपर्यंत पांढऱ्या पडल्या होत्या, विटांचा भुगा बोटानं निघत होता. त्यांचे तीन मुरब्बे जमीन. मुरब्बा म्हणजे २५ बिघ्यांचा चौकोन, सव्वासहा हेक्टर. तिथली सगळी जमीन अशी पट्टीनं आखल्यासारखी चौकोनात वाटलेली आहे. तीनपैकी एका मुरब्ब्यात आता काही पिकत नाही. मी कारण विचारलं तेव्हा म्हातारबाबा एकच शब्द बोलले, ‘सेम.’

सेम म्हणजे जमिनीखालचं पाणी वर येणं. मी बांधावर उकिडवा बसलो, माती हातात घेतली. वर मिठाचा पापुद्रा, खाली काळपट ओल, आणि चालताना पायाखाली भुसभुशीत लागणारी जमीन. मंडळी, मला त्या क्षणी आमचा नदीकडचा तुकडा आठवला. तोच पापुद्रा, तीच ओल. फक्त त्यांची माती वाळूची आणि आपली काळी.

वाळवंटात पाणी साचून जमीन नासते, हे ऐकायला खोटं वाटतं. जिथं पूर्वी विहिरीला दोर पुरत नव्हता, तिथं पंधरा-वीस वर्षांत खालचं पाणी मुळांपर्यंत आलं. कालव्याचं काम दोन टप्प्यांत झालं; पहिल्या टप्प्यातल्या काही भागांत ते वर्षाला जवळपास मीटरभर चढत होतं. बडोपल, मानकथेडी, रंगमहल या बाजूला तर वाळूच्या टेकड्यांमध्ये तळी झाली. बडोपलच्या पाण्यावर आता थंडीत परदेशी पक्षी येतात, लोक कॅमेरे घेऊन बघायला जातात. मीही गेलो. रोहित पक्ष्यांचा थवा उठला तेव्हा क्षणभर सगळं विसरायला झालं. मग पाण्याच्या कडेला वाळलेल्या झाडांची खोडं दिसली.

कारणं मी तिथल्या निवृत्त कनिष्ठ अभियंत्याला खोदून खोदून विचारली. आमची दोघांची भाषा एक नव्हती, पण धंदा एक होता. पहिलं कारण म्हणजे पाणी भरपूर आणि शेती कमी. कालवा आधी आला, शेतकरी हळूहळू वसले. जे आधी आले त्यांनी मन मानेल तेवढं पाणी घेतलं. पहिल्या टप्प्यात हजार एकराला ५.२३ क्युसेक असा हिशोब होता, दुसऱ्या टप्प्यात तो ३ क्युसेकवर आणावा लागला. यावरून पुढे केवढी भांडणं झाली. २००४ साली घडसाना-रावला भागात शेतकरी ५.२३ च्या हक्कासाठी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, माणसं गेली. एकदा दिलेलं पाणी कमी करणं किती अवघड असतं हे सरकारनं तिथं रक्त सांडून शिकलं. दुसरं कारण घग्गर नदीचं. तिच्या पुराचं पाणी टेकड्यांमधल्या खळग्यांत वळवलं आणि ते तिथं मुरत राहिलं. तिसरं कारण जमिनीच्या पोटातलं. वाळूच्या खाली काही मीटरवर जिप्समचा, चिकणमातीचा घट्ट थर आहे. पाणी वाळूतून झरझर खाली जातं, थरावर थांबतं, आणि मग तळ नसलेल्या भांड्यासारखं वाटणारं वाळवंट बादलीसारखं भरत येतं.

चौथं कारण त्यानं सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सहज सांगितलं. मूळ योजनेत पाणी शेतापर्यंत आणायची व्यवस्था होती, जादा पाणी शेतातून बाहेर काढायची नव्हती. वाळवंटाला निचरा कशाला लागतो, असंच सगळ्यांना वाटलं.

आपल्यालाही तसंच वाटलं, नाही का? काळी कसदार मळीची जमीन, उतार नदीकडे, पाऊस शिरोळात जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर. इथं पाणी साठून काय होणार? मी खात्यात होतो तरी माझ्या मनात हा प्रश्न आला नाही. आमच्या गावात संस्थेचं पाणी आलं तेव्हा जॅकवेलवर नारळ फोडला, गुलाल उधळला. माझे वडील पाईपच्या तोंडाशी उभे राहून दोन्ही हातांनी पाणी प्यायले होते. त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही सगळ्या शिवारात ऊस केला. एकरी आकारणी असल्यामुळं पाणी किती घेतलं याला काही अर्थच नव्हता. पाळी आली की रान भरून घ्यायचं, पुढची पाळी कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून जरा जास्तच भरायचं. लाईट रात्रीची असली की मोटारीला ऑटो, म्हणजे लाईट आली की आपोआप मोटार चालू करणारा स्विच, लावायचा आणि घरी जाऊन झोपायचं. सकाळी बघावं तर सऱ्यांत पाणी उभं आणि शेजाऱ्याच्या बांधावरून ओढ्याला लागलेलं. पाणी पाजणाऱ्या गड्याला वडील कधी रागावले नाहीत. ऊसाला पाणी जास्त झालं म्हणून कुणी रागावतं का?

पहिली दहा-बारा वर्षं सोन्याची होती. मग खालच्या टोकाला ऊसाची नवी लागण नीट उगवेना. शेंडे करपायला लागले. आम्ही खत वाढवलं. मग उन्हाळ्यात पांढरे चट्टे दिसायला लागले, तेव्हा कुणी म्हणालं बियाणं बदला, कुणी म्हणालं हुमणी असेल. खोडवा, म्हणजे तोडलेल्या ऊसाच्या बुडख्यातून फुटणारं पुढचं पीक, तर धरवेनाच. जिथं एकरी पन्नास टन पडत होते तिथं वीसही पडेनात, आणि शेवटी अडीच एकर पड पडलं. लव्हाळा आणि बाभळ. माझ्या वडिलांनी तो तुकडा शेवटपर्यंत विकू दिला नाही, पण त्या बाजूला जायचंही त्यांनी सोडलं होतं.

हे कसं होतं त्याचा हिशोब कागदावर मांडला तर पोरासोरांनाही कळेल, म्हणून मांडतो. नदीचं पाणी कितीही गोड लागलं तरी त्यात थोडे क्षार असतातच. धरा, लिटरमागे पाव ग्रॅम. एका एकरावर वर्षभरात मीटरभर उंचीचं पाणी दिलं तर ते चाळीस लाख लिटर होतं, आणि त्यातून एक टन क्षार रानात आले. ऊसाला आपण मोकळं पाणी पाजतो तेव्हा मीटरभर कुठं, त्याच्या दीडपट-दुप्पट देतो. पाणी ऊस पितो आणि ऊन पितं. क्षार कुणी पीत नाही. ते तिथंच राहतात. जमिनीखाली निचरा असेल तर पावसाळ्यात ते धुऊन खाली जातात आणि ओढ्यानं नदीला लागतात. निचरा नसेल तर खालचं पाणी वर चढतं, वातीतून तेल चढावं तसं, आणि क्षार पृष्ठभागावर ठेवून वाफ होऊन जातं. त्यात आपण पोत्यानं टाकलेल्या खताचे क्षार वेगळेच. जमीन पुढे चोपण झाली, म्हणजे सोडियम मातीला चिकटून बसला, की पावसाचं पाणीसुद्धा आत मुरत नाही. मग नुसता निचरा पुरत नाही, जिप्समही घालावं लागतं.

हे ज्ञान नवीन नाही. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याच्या आणि गणपतराव पाटील यांच्या पुढाकारानं आपल्याच तालुक्यात गावोगाव सच्छिद्र पाईपचा निचरा झालाय, पड जमिनींत पुन्हा ऊस उभा राहिलाय. ज्यांनी बघितलं नसेल त्यांनी एकदा जाऊन बघावं. आमच्या अडीच एकराचंही तसंच झालं. कडेचे चार शेतकरी मिळून आम्ही काम केलं. पोकलेननं चार फूट खोल चर मारले, त्यात जाळी गुंडाळलेले ८० मिलिमीटरचे भोकांचे पाईप टाकले, ते मोठ्या पाईपला जोडले आणि त्याचं तोंड ओढ्यात सोडलं. पहिल्या पावसाळ्यात तोंडातून पाणी पडायला लागलं तेव्हा मी ओंजळभर घेऊन जिभेला लावलं. खारट, कडवट. तीस-पस्तीस वर्षांचं आमचं मीठ बाहेर पडत होतं. पहिल्या वर्षी नुसता धैंचा, म्हणजे हिरवळीचं खत, केला आणि गाडला. तिसऱ्या वर्षी ऊस आला. वडील तेव्हा नव्हते.

पण हे चौघांनी मिळून करायला आम्हाला अकरा वर्षं लागली, आणि हीच गोष्ट मला तुमच्यासमोर मांडायची आहे. एकाची तयारी असायची तेव्हा दुसऱ्याकडे पैसे नसायचे. वरच्याचं रान चांगलं होतं, त्याला खालच्याच्या दुखण्याचं काय? खालचा म्हणायचा, तुझं मीठ माझ्या रानातून का नेऊ? ओढा होता, पण कागदावर; जागेवर दोघांनी तो बांधात घेतलेला. निचरा हे एकट्याच्या गटाचं काम कधीच नसतं. पाणी उतारानं जातं, सातबारा बघून जात नाही. आणि गावातल्या सगळ्या उताराला जोडणारी एकच यंत्रणा आपल्याकडे आधीच उभी आहे, ती म्हणजे आपली संस्था. कुणाचा गट कुठं, कोण वर, कोण खाली, कुणाला किती पाणी जातं हे संस्थेच्या पाटकऱ्याइतकं, म्हणजे पाणी वाटणाऱ्या माणसाइतकं, तलाठ्यालाही माहीत नसतं. कर्ज काढून पाईपलाईन करायचा, हप्ते वसूल करायचा, भांडणं मिटवायचा अनुभव संस्थेला आहे. मग पाणी आत आणणारी संस्था पाणी बाहेर काढायचं काम आपलं का मानत नाही?

राजस्थानातल्या त्या अभियंत्याला मी विचारलं होतं, आता निचरा का करत नाही? तो हसला नाही, हात नुसते चारी बाजूंना फिरवले. सगळीकडे टेकड्या. नदी नाही, ओढा नाही. काढलेलं खारं पाणी टाकायचं कुठं? काही ठिकाणी पंप लावून उपसतात, काही ठिकाणी खळग्यांत साठवून उन्हात वाळू देतात, काही ठिकाणी कालव्याकाठी निलगिरी आणि शिसवीची झाडं दाट लावली, ती खालचं पाणी ओढून घेतात. झाडांचा उपयोग झालाय, मी त्या पट्ट्यातून चाललो, जमीन कोरडी होती. पण सगळं वाळवंट झाडांनी कसं उपसणार?

आपल्याला तर कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा लाभल्यात. प्रत्येक गावाला दोन-तीन ओढे आहेत. वाळवंटातल्या शेतकऱ्याकडे पाणी सोडायला वाट नाही म्हणून त्याची जमीन गेली. आपल्याकडे वाट आहे, ती आपण बुजवलीय. हे लिहिताना मला राग येतो, आणि तो लपवायची माझी इच्छा नाही. मुरूम टाकून ओढा अर्धा केला, ऊसाच्या दोन सऱ्या जास्त बसल्या, आणि त्या दोन सऱ्यांपायी वरच्या पन्नास एकरांचा निचरा तुंबला, असं मी एका गावात नव्हे, नोकरीच्या काळात कितीतरी गावांत बघितलंय.

पाणी मोजायचंही बोलावं लागेल. तिकडे पाण्याची पाळी घड्याळावर चालते. आठवड्याचे १६८ तास, ते वितरिकेच्या मोघ्यावरच्या, म्हणजे पाणी सोडायच्या एका तोंडावरच्या, सगळ्या मुरब्ब्यांत क्षेत्राप्रमाणे वाटलेले. तुमची पाळी पहाटे दोन वाजून दहा मिनिटांनी सुरू होणार असेल तर जानेवारीच्या थंडीत फावडं घेऊन तुम्हाला दोन वाजता पाणी वळवायच्या नाक्यावर उभं राहावं लागतं, कारण दहाव्या मिनिटाला शेजाऱ्याचं पाणी बंद होऊन तुमचं सुरू होतं आणि तुम्ही आला नाहीत तर तुमचं पाणी वाया जातं. त्याला ते ‘बारी’ म्हणतात. सेम त्यांनाही चुकली नाही, हे खरं. पण पाणी वेळेत मोजलेलं असल्यानं पुढे कमी करायची चर्चा तरी करता आली. आपल्याकडे एकरी आकारणी. जो ठिबकवर भागवतो तोही तेवढेच पैसे भरतो आणि जो ऑटो लावून झोपतो तोही.

त्याच राज्यात दक्षिणेला एक वेगळी गोष्ट आहे. नर्मदेचा कालवा गुजरातेतून ४५८ किलोमीटर येऊन २००८ साली राजस्थानात सांचोरच्या बाजूला शिरला. तिथं आधीचं बघून शहाणं होऊन सरकारनं सुरुवातीलाच अट घातली, तुषार किंवा ठिबक असेल तरच पाणी, मोकळं पाजायला नाही. शेतकऱ्यांच्या संस्थेनं डिग्गी, म्हणजे साठवण टाकी, बांधायची आणि तिथून पंपानं दाबाचं पाणी घ्यायचं. पाणी यायच्या आधीच अट घातली म्हणून ती पाळली गेली. पाणी आल्यावर घातली असती तर घडसान्यासारखं झालं असतं. आपल्या जिल्ह्यात उंचावरच्या, माळावरच्या ज्या नव्या स्कीम होतायत, त्यांच्या संचालकांनी हे विशेष मनावर घ्यावं. तुमच्या सभासदांच्या हातात अजून फुकटच्या पाण्याची सवय लागलेली नाही.

माझं मागणं फार नाही. या वर्षीच्या सभेत प्रत्येक संस्थेनं आपल्या लाभक्षेत्रात किती एकर पड पडलंय किंवा पडायच्या वाटेवर आहे याची यादी करायचा ठराव घ्यावा. पाटकरी आणि गावातली चार जाणती माणसं आठ दिवसांत ती करतील. माती परीक्षण कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतं. एकरी आकारणीत निचऱ्याची एक वेगळी रक्कम धरावी, कितीही लहान असो, आणि ती वेगळ्या खात्यात ठेवावी, वीजबिलात वळवू नये. पावसाळ्याआधी ओढ्यांची तोंडं संस्थेच्या खर्चानं मोकळी करावीत आणि जिथं अतिक्रमण आहे तिथं संचालक मंडळानं स्वतः जाऊन बसावं. संचालकाचंच अतिक्रमण असेल तर त्यानं आधी काढावं. आणि निदान एका आउटलेटवर, एका वर्षासाठी, तासावर आकारणी करून बघावी. जमलं नाही तर पुढच्या वर्षी बंद करा.

पूरपट्ट्यातल्या गावांसाठी एक सूचना अनुभवाची. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आमच्या निचऱ्याचं तोंड गाळात पूर्ण बुजलं होतं. पाणी ओसरल्यावर पंधरा दिवसांत ते शोधून मोकळं केलं म्हणून वाचलं. तोंडाच्या जागेवर सिमेंटचा खांब रोवून ठेवा, नाहीतर पुरानंतर शोधता येत नाही. आणि तोंडाला झापेचा व्हॉल्व्ह बसवा, म्हणजे पुराचं पाणी उलटं आत शिरणार नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. आपण बाहेर काढलेले क्षार नदीतून खालच्या गावांना जाणार आहेत. म्हणून आधी पाणी कमी करा आणि मग निचरा करा, हा क्रम आहे. जेवढं कमी पाजू तेवढं कमी मीठ खाली जाईल.

आमच्या संस्थेच्या चेअरमनसाहेबांना मी हे पत्र द्यायच्या आधी वाचून दाखवलं. ते म्हणाले, काका, पाण्याचे पैसे वसूल होताना नाकीनऊ येतात, निचऱ्याचे कोण देणार? त्यांचं म्हणणं खोटं नाही. मी त्यांना म्हटलं, गावातल्या पड जमिनींचे मालक आज तुम्हाला आकारणीच देत नाहीत, कारण ते पाणीच घेत नाहीत. ती यादी आधी काढा आणि दरवर्षी तेवढी आकारणी बुडते ती मांडा. ते गप्प बसले, मग वहीत काहीतरी लिहून घेतलं.

आमची सभा महिनाअखेरीला आहे. त्या दिवशी सकाळी आठ वाजता मी आमच्या निचऱ्याच्या तोंडाशी ओढ्यावर थांबणार आहे. ज्या संस्थेच्या संचालकांना बघायचं असेल त्यांनी यावं. पाईप किती खोल आहे, खर्च किती आला, कुठं चुकलो, सगळं जागेवर सांगतो. गमबूट घालून या, ओढ्याला अजून पाणी असेल.

आपला,
एक सभासद आणि निवृत्त कालवा निरीक्षक
कोल्हापूर